कीर्तिमुखाला खालचा जबडा का नसतो : दारावरच्या शुभ आकृती, त्यांच्या कथा आणि त्यांचे कोरीवकाम

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीजवळ नवे घर बांधणारे एक गृहस्थ मुख्य दरवाज्याच्या चौकटीसाठी गणेशपट्टी आणि तिच्या वर बसवायचे कीर्तिमुख, म्हणजे सिंहासारख्या उग्र मुखाची आकृती, स्वतःच्या हाताने कोरू इच्छितात. बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाच्या, पूजेसाठी मातीच्या बैलांऐवजी लाकडी बैलजोडी करण्याचाही त्यांचा विचार आहे. सुतारकामाची त्यांना आवड आहे, परंतु कोरीवकाम त्यांनी पूर्वी केलेले नाही. कीर्तिमुख हे राक्षसाचे तोंड असून ते देवळात शोभते, घराच्या दारावर नको, असे त्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. या आकृती आल्या कुठून, त्या घरावर असाव्यात का आणि लाकूड कोणते घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

वडीलधाऱ्यांच्या शंकेपासूनच सुरुवात करतो. घरातल्या एकाच्याही मनात किंतु राहिला, तर दारावरची आकृती त्याच्या डोळ्यांत रोज खुपते. शिवाय त्या शंकेच्या उत्तरातच कोरीवकामाचा निम्मा धडा आहे. गेली चौतीस वर्षे मी सांगलीत हे काम करतो. वडील चौकटी-दारे करणारे सुतार होते. पटाशीचे बारीक काम मात्र मी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत शिकलो, कारण तेथे सतारीच्या भोपळ्यावरची पाने आणि तारेखालचे हंस कोरणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या बसलेली आहेत. या सगळ्या काळात मला एक गोष्ट पक्की कळली आहे. परंपरेतल्या शुभ आकृतीची प्रत्येक मुख्य रेघ एखाद्या कथेतून आलेली असते, आणि कथा ठाऊक नसलेला कारागीर नेमकी तीच रेघ बदलून बसतो.

कीर्तिमुखाची कथा शिवपुराणातील जलंधराच्या आख्यानात येते. बळाने उन्मत्त झालेल्या जलंधराने राहूला दूत म्हणून कैलासावर पाठवले आणि पार्वती आपल्या स्वाधीन करावी, असा निरोप दिला. तो ऐकताच शंकराच्या भ्रूमध्यातून सिंहमुखी, लवलवत्या जिभेचा, अतिशय भुकेला असा एक भयंकर पुरुष प्रकट झाला आणि राहूला खाण्यासाठी धावला. राहू गयावया करत शंकरालाच शरण आला. दूताला मारू नये म्हणून शंकराने त्याला सोडवले. तेव्हा त्या पुरुषाने हात जोडून विचारले की, माझे भक्ष्य तुम्ही सोडवलेत, आता या भुकेचे मी काय करू? शंकराने सांगितले की, आपल्याच हातापायांचे मांस खा. त्याने एका शब्दानेही प्रतिवाद केला नाही. हात, पाय, धड असे सर्व अवयव तो खात गेला आणि शेवटी केवळ मस्तक उरले. ही आज्ञाधारकता पाहून शंकर प्रसन्न झाला. त्याने त्याला कीर्तिमुख हे नाव दिले, आपल्या दारावर कायमची जागा दिली आणि जो आधी तुला पूजणार नाही त्याची माझी पूजा व्यर्थ जाईल, असा वरही दिला.

ही कथा वडीलधाऱ्यांना शांतपणे वाचून दाखवावी. ज्याने स्वतःची भूक स्वतःवरच उलटवली, त्या द्वारपालाचे हे मुख आहे. त्याला राक्षस म्हणणे बरोबर नाही. ते केवळ देवळात असते, हेही खरे नाही. आपल्याकडच्या जुन्या शिवालयांत गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर दोन्ही बाजूंना ही मुखे दिसतात आणि आत जाणारा माणूस वाकून आधी त्यांनाच हात लावतो, ही गोष्ट खरी. परंतु देवघरातल्या पितळी प्रभावळीचा वरचा मध्य पाहिला, तर तेथेही हेच मुख असते आणि पुष्कळ घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या पुजले गेले आहे. ज्यांना ते दारावर नको वाटते, त्यांच्या देव्हाऱ्यात ते कदाचित आधीपासूनच असेल. एकदा पाहून घ्यावे.

आता या कथेतून आकृतीकडे येऊ. धड नाही, कारण ते खाल्ले गेले. खालचा जबडाही पारंपरिक घडणीत बहुधा नसतो. वरच्या दातांची ओळ, बाहेर आलेले दोन सुळे आणि त्यांच्याखाली थेट पट्टीची कडा किंवा मुखातून सुटलेल्या मोत्यांच्या माळा, अशी ती घडण असते. खाणे जणू अजून चालूच आहे आणि मुखाच्या खाली काही उरलेलेच नाही, असा त्याचा भाव आहे. अलीकडे मोबाइलवरची चित्रे पाहून कीर्तिमुख कोरणारे लोक त्याला खालचा जबडा, हनुवटी आणि कधीकधी मानही देतात. मग तो नुसता रागावलेला सिंह होतो. कारागिरी कितीही सुबक असली, तरी जाणत्याला ते खटकते. हीच आकृती गुजरात-राजस्थानात ग्रासमुख म्हणून ओळखली जाते आणि मंदिरांच्या भिंतींवर तिच्या ओळीच्या ओळी असतात, त्यांना ग्रासपट्टी म्हणतात. कर्नाटकात तिला सिंहमुख म्हणतात, तर जावा बेटावर बोरोबुदूरच्या कमानींवर ती काल या नावाने बसली आहे. इतक्या दूर जाऊनही तिचे फुगीर डोळे, वरचे दात आणि दाराच्या वरची जागा सुटलेली नाही.

दारच का, याचेही उत्तर लोककथांत आहे. उंबरा म्हणजे आतही नाही आणि बाहेरही नाही अशी जागा. हिरण्यकशिपूला घरात किंवा घराबाहेर मरण नव्हते, म्हणून नरसिंहाने त्याला उंबऱ्यावर मांडीवर घेऊन मारले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जी जागा कोणत्याच बाजूची नसते तेथून काहीही आत येऊ शकते, ही जुन्या माणसांची धारणा होती, आणि म्हणून रांगोळी, हळदी-कुंकवाची बोटे, तोरण, गणेशपट्टी ही सगळी राखण त्याच जागेभोवती जमलेली दिसते. उंबरा हा शब्दच उदुंबरापासून आला आहे. संस्कृतात उदुंबर म्हणजे उंबराचे झाड आणि दाराचा उंबराही. मात्र म्हणून उंबराचे लाकूड शोधत फिरू नये. हिरण्यकशिपूच्या पोटातील विषाने नरसिंहाच्या नखांचा दाह होऊ लागला आणि तो उंबराच्या फळांत नखे रोवून शमला, ही कथा दत्तभक्तांमध्ये घरोघरी सांगितली जाते. आपल्याच जिल्ह्यात पलूस तालुक्यात औदुंबर हे क्षेत्र असताना येथे कोणी त्या झाडाला कुऱ्हाड लावत नाही आणि लावूही नये. शिवाय ते लाकूड ठिसूळ असते व लवकर किडते.

गणेशपट्टीबद्दल फार सांगण्याची गरज नाही. दाराच्या वरच्या आडव्या पट्टीचा मध्य म्हणजे ललाटबिंब आणि आपल्याकडे ती जागा गणपतीची. सोंड गणपतीच्या स्वतःच्या डावीकडे ठेवावी. उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे कडक मानले जाते, आणि तासगावला परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या मंदिरात उजव्या सोंडेचा गणपती असला, तरी तेथे नित्य पूजेची व्यवस्था आहे. दारावरच्या गणपतीची तशी पूजा होत नाही. प्रमाणाचे म्हणाल, तर देवतांची मूर्ती पुष्कळदा नऊ मुखांच्या उंचीची, म्हणजे नवताल, असते. गणपती मात्र पंचताल असतो, त्याच्या मुखाच्या उंचीची पाचपट म्हणजे त्याची उंची. नवशिक्याचा गणपती लांबुडका दिसतो, तो हे प्रमाण पाळले नाही म्हणून.

लाकडाच्या बाबतीत थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण बहुतेक कामे हत्याराने बिघडत नाहीत, लाकडाने बिघडतात. दारावरच्या कामाला सागवानच घ्यावे आणि शक्य असेल तर जुने घ्यावे. सांगली, मिरज, वाई या गावांत जुने वाडे उतरवले जातात तेव्हा तुळया, खांब, फळ्या विक्रीला येतात. शंभर वर्षे वाळलेले ते लाकूड जेवढे आकसायचे तेवढे आकसून झालेले असते. त्यात एकच धोका असतो, तो आत मोडून राहिलेल्या खिळ्यांचा. पटाशी लावण्यापूर्वी फळीवरून चांगले लोहचुंबक फिरवून घ्यावे. एकदा मी ते केले नाही आणि वडिलांच्या हातची पाऊण इंची पटाशी पहिल्याच ठोक्याला खडूसारखी तुटली. ती घासून पुन्हा सरळ करायला दोन दिवस गेले आणि तिची लांबी कायमची कमी झाली. नवे सागवान घ्यायचे असेल, तर फळीच्या दर इंच जाडीला साधारण एक वर्ष सावलीत, हवा खेळेल अशा रीतीने वाळलेले असावे, हा सुतारांचा जुना हिशेब आजही बरोबर ठरतो. लाकडाचे वर्तुळाच्या दिशेने होणारे आकसणे हे गाभ्यापासून सालीकडे होणाऱ्या आकसण्याच्या जवळजवळ दुप्पट असते, म्हणून ओले लाकूड वाळताना ओढले जाते आणि फाटते. ज्या फळीच्या मध्यातून झाडाचा गाभा गेलेला आहे ती फळी कोरीवकामाला घेऊच नये. माझ्या उमेदीच्या काळात एका वखारीतून पूर्ण वाळलेली म्हणून घेतलेली फळी आतून ओली निघाली. कीर्तिमुख कोरून, तेल देऊन गिऱ्हाइकाच्या दारावर बसवले आणि पहिल्याच उन्हाळ्यात डाव्या डोळ्यातून कपाळापर्यंत चीर गेली. मी ते काम उतरवून घेतले आणि दुसरे करून दिले, पण ती चीर अजून डोळ्यांसमोर आहे. फळीच्या कडेचा फिकट, पांढरट भागही काढून टाकावा. भुंगा आधी तेथेच लागतो.

सागवान का, याचे उत्तर मला ऑगस्ट २०१९ च्या महापुराने दिले. आमच्या गावठाणातल्या एका घराची गणेशपट्टी मी बऱ्याच वर्षांपूर्वी जुन्या सागवानात कोरली होती. कृष्णेचे पाणी त्या घराच्या दारावरून गेले आणि काही दिवस तसेच राहिले. पाणी ओसरल्यावर त्यांनी बोलावले तेव्हा गणपतीच्या कानामागे, मुकुटाच्या नक्षीत, सोंडेच्या वळणात बोटभर गाळ बसलेला होता. मऊ ब्रशने स्वच्छ पाण्याखाली तो काढला, पट्टी चौकटीवरून उतरवली आणि उन्हात न ठेवता माडीवर सावलीत, दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशी आडवी ठेवून सहा आठवडे वाळू दिली. ती फुगली होती, ती पुन्हा मूळ मापावर आली आणि एकही चीर गेली नाही. त्याच घरात आंब्याच्या लाकडाचे दोन घोडे होते. ते पोटात फाटले आणि आतून काळे पडले. सागवानात अंगचेच तेल असते. त्याच्यात रेतीसारखा अंशही असतो, त्यामुळे पटाशीची धार लवकर जाते. दर अर्ध्या तासाला तेलदगडावर धार लावावी लागली, तर हत्याराला दोष देऊ नये.

आता प्रत्यक्ष कीर्तिमुख. पहिल्या कामासाठी नऊ इंच रुंद, आठ इंच उंच आणि दोन इंच जाड फळी पुरते. कागदाची मधोमध घडी घालून अर्धेच मुख काढावे आणि कातरून उलगडावे, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. मधली रेघ फळीवर पेन्सिलीने काढावी आणि ती कोरीवकामात जाईल तशी पुन्हापुन्हा काढत राहावे, कारण ती हरवली की नाक वाकडे होते. मागचे पाऊण इंच अखंड ठेवावे. उरलेल्या सव्वा इंचात सगळे मुख बसवायचे आहे. आधी बाहेरची जमीन उतरवावी, म्हणजे आकृतीच्या कडेबाहेरचे लाकूड गोल पटाशीने आणि मोगरीने (लाकडी हातोड्याने) काढावे. या टप्प्यावर डोळा, दात, आयाळ यांपैकी काहीही कोरण्याचा मोह होतो. तो टाळावा. आधी केवळ उंचवटे ठरवावेत. डोळ्यांची बुबुळे आणि नाकाचे टोक हे सर्वांत पुढे, गाल त्यामागे, भुवया आणि शिंगे त्यांच्या थोडी मागे, आणि आयाळीचे वळसे जमिनीला टेकत जाणारे. अंगठा फिरवून पाहावे. मुख डोळे मिटूनही हाताला कळू लागले, की मगच बारीक कामाला हात घालावा.

डोळा हा या आकृतीचा प्राण आहे आणि नवशिक्याची चूकही तेथेच होते. सपाट गालावर गोल काढून त्यात खाच मारली, तर तो डोळा दिसत नाही, बटण दिसते. आधी अर्धे लिंबू ठेवल्यासारखा पूर्ण गोळा घडवावा, त्याच्यावर वरची पापणी आच्छादनासारखी यावी आणि बुबुळ मध्यावर न घेता किंचित खाली घ्यावे, कारण हे मुख माणसाच्या डोक्याच्या वर बसणार आहे आणि त्याची नजर उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माणसावर पडली पाहिजे. खालून पाहताना कपाळ आखूड दिसते. म्हणून समोर धरून पाहताना वाटेल त्यापेक्षा कपाळ थोडे उंच ठेवावे. काम चालू असताना मी अर्धवट मुख भिंतीवर सात फुटांवर टेकवून, खाली बसून पाहतो आणि मग पुढे जातो. डोळे सगळ्यांत शेवटी पुरे करावेत. मूर्तिकामातही नेत्रोन्मीलन शेवटी असते. त्यामागे श्रद्धा आहेच, शिवाय कारागिराच्या सोयीचेही एक कारण आहे. डोळ्याचा गोळा सर्वांत पुढे आलेला असतो आणि इतर काम करताना त्यालाच धक्का लागतो.

पटाशी नेहमी लाकडाच्या रेषेबरोबर उताराकडे चालवावी. रेषेच्या उलट गेली, की ढलपी खोल उपटून येते, आणि आयाळीच्या गोल वळशांत तर प्रत्येक वळशाला रेषा दोनदा उलटते, म्हणून तेथे हाताची दिशाही दोनदा बदलावी लागते. फळी शिकंज्यात घट्ट आवळून दोन्ही हात धारेच्या मागे ठेवावेत. एका हाताने फळी धरून दुसऱ्याने पटाशी ढकलणे, या एकाच सवयीने आमच्या धंद्यातल्या बहुतेक जखमा झालेल्या आहेत.

बेंदराच्या बैलांविषयी आता लिहितो, आणि हा विषय माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. देशावर इतरत्र श्रावणी अमावास्येला पोळा असतो. आपल्या सांगली-सातारा-कोल्हापूर भागात मात्र बेंदूर साजरा होतो. सीमेकडच्या गावांत ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर आणि बाकीच्यांचा आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर. आदल्या दिवशी बैलांची खांदेमळण, बेंदराच्या दिवशी शिंगांना रंग आणि बेगड, अंगावर झूल, पुरणपोळीचा निवद आणि संध्याकाळी वेशीत कर, म्हणजे आडवे बांधलेले तोरण, तोडणे, हे सगळे ज्यांच्या दावणीला बैल आहेत त्यांचे. ज्यांच्याकडे बैल नाहीत त्यांच्यासाठी कुंभार मातीचे बैल घेऊन येतो आणि पाटावर त्यांची पूजा होते. म्हणजे हा बैल शेतातल्या मातीचा असतो. ज्याच्या श्रमावर ते शेत पिकते त्याचीच आकृती त्याच मातीत घडवून पुजायची, हा त्यातला भाव मला फार मोलाचा वाटतो. त्यामुळे आपण लाकडी बैल जरूर करावेत, परंतु मातीची जोडी बंद करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पाटावर दोन्ही मावतात, आणि कुंभाराच्या घरीही त्या दिवशी पुरणपोळी शिजली पाहिजे. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो आणि तेथे चाकांच्या लाकडी बैलांची परंपरा जुनी आहे, म्हणजे लाकडाचा बैल अशुभ वगैरे असण्याचा प्रश्नच येत नाही.

त्या चाकांच्या बैलाकडे नीट पाहिले, तर त्याचे पाय जाड आणि आखूड असतात, पुढचे दोन पाय कित्येकदा एकमेकांना जोडलेले असतात आणि चारही पाय खाली फळीत रुतलेले असतात. यामागे लाकडाचा स्वभाव आहे. बैलाचे अंग आडवे असते म्हणून आपण ठोकळ्याची रेषा आडवी ठेवतो. पण मग पाय रेषेला काटकोनात येतात आणि बारीक पाय गाजरासारखा मोडतो. रेषा उभी ठेवली, तर पाय भक्कम होतात, मात्र शेपूट आणि तोंडाचे टोक कमजोर राहते. मी रेषा उभी ठेवतो, शेपूट अंगाला चिकटलेली कोरतो, तोंड थोडे खाली झुकवून मानेच्या पोळीत, म्हणजे गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीत, सामावून घेतो आणि मागचे-पुढचे पाय जोडीने जोडलेलेच ठेवून त्यांच्यामध्ये केवळ खोल खाच मारतो. चार हातांवरून पाहणाऱ्याला चार पाय दिसतात आणि पडला तरी बैल मोडत नाही.

शिंगे वेगळी करावीत. आपला बैल खिल्लार आहे. त्याचे तोंड लांबट आणि अरुंद असते, कपाळ मध्ये किंचित दबलेले असते, शिंगे बुडाशी जवळजवळ असून मागे झुकत जातात आणि मग धनुष्यासारखी वर वळतात. माण, आटपाडी, जत या भागातल्या माणसाला बाजारातला आखूड शिंगांचा, गोल तोंडाचा बैल दिला, तर तो लगेच म्हणतो की हा आपल्याकडचा नाही. एवढे लांब वळणदार शिंग एकाच ठोकळ्यात कोरले, तर वळणावर रेषा तुटते. चिव्याच्या बांबूची पातळ कांब कोमट पाण्यात भिजवून, दिव्याच्या धगीवर हळूहळू वाकवून, गार होऊ देऊन तासली, तर सुंदर शिंग होते. डोक्यात भोक पाडून ते सरसाने बसवावे. वशिंड मात्र ठोकळ्यातूनच काढावे आणि ते मानेच्या अगदी मागे, पुढच्या पायांच्या बरोबर वर यावे. नवशिके ते पाठीच्या मध्यावर नेतात आणि बैलाचा उंट होतो.

बैलांसाठी सागवानाची गरज नाही. शिवण मिळाली, तर तिच्यासारखे लाकूड नाही. ती हलकी, फिकट पिवळसर असते, पटाशीखाली लोण्यासारखी निघते आणि पावसाळ्यात फारशी फुगत नाही. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी पांगारा वापरत आले, चन्नपट्टणच्या खेळण्यांसाठी काळा कुडा. प्रत्येक ठिकाणी कारागिरांनी जवळ मिळणारे हलके, एकसारख्या पोताचे लाकूड निवडलेले दिसते. शिवणीच्या ठोकळ्याला भुंग्यापासून जपण्यासाठी टाकणखार आणि बोरिक ॲसिडचे पाणी देऊन पूर्ण वाळवून घ्यावे. मात्र ज्या बैलाशी लहान मूल खेळणार आहे, त्याला ते देऊ नये. त्याला गेरू, चुना आणि काजळी यांचे साधे रंग पुरेत. आकाराबद्दल मत्स्यपुराणात घरातल्या पूजेच्या प्रतिमेसाठी एक मर्यादा सांगितली आहे. अंगठ्याच्या पेरापासून एका वितीपर्यंत प्रतिमा असावी, त्याहून मोठी घरात करू नये. बैलांनाही मी तीच मर्यादा लावतो. सहा इंच लांबीचा बैल पाटावर शोभतो आणि हाताला कोरायलाही सोपा जातो.

हे काम हाती घेतल्यावर लोक आणखी आकृती सुचवतील, म्हणून त्यांच्याविषयी थोडे लिहून ठेवतो. शरभ (सिंहासारखा कल्पित पशू) आणि गंडभेरुंड हे दोघे नरसिंहाच्या कथेच्या पुढच्या भागातले आहेत. हिरण्यकशिपूच्या वधानंतरही नरसिंहाचा कोप शमेना, तेव्हा शिवाने शरभाचे रूप घेऊन त्याला आवरले, असे शैव सांगतात. वैष्णव परंपरेत त्या शरभाला आवरण्यासाठी विष्णूने दोन डोक्यांच्या गंडभेरुंड पक्ष्याचे रूप घेतले. गंडभेरुंड विजयनगरच्या नाण्यांवर होता आणि आज कर्नाटक राज्याच्या चिन्हात आहे. आपल्याकडे किल्ल्यांच्या दरवाज्यांवर शरभ जास्त दिसतो आणि कित्येकदा त्याच्या पंजात हत्ती किंवा गंडभेरुंड धरलेला असतो. साताऱ्याजवळ लिंब गावात १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली बारामोटेची विहीर पाहायला गेलात, तर तेथल्या सिंहासारख्या पशूंची शिल्पे अवश्य पाहावीत. दगडातल्या थोड्या रेघांत बळ कसे दाखवावे, हे तेथे शिकता येते. मात्र ही सत्तेची आणि विजयाची चिन्हे आहेत. ती गडाच्या, तटबंदीच्या दारावर बसली. राहत्या घराच्या दारावर, जेथे रात्री-अपरात्री पाहुणा येतो आणि सुना-मुली माहेरपणाला येतात, तेथे मी ती सुचवत नाही. कासव हवे असेल, तर ते समुद्रमंथनात मंदार पर्वत पाठीवर पेलणारे आहे, म्हणून ते जमिनीलगत असावे. देवळातही ते फरशीत, देवासमोर असते. आणि पोट धरून हसणाऱ्या बुद्धाची आकृती मागणारे पुष्कळ येतात. त्यांना मी सांगतो की हे गौतम बुद्धाचे रूप नाही. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमध्ये होऊन गेलेल्या बुडाई या फिरत्या भिक्षूची ती आकृती आहे. त्याच्या नावाचा अर्थच कापडी झोळी असा आहे आणि त्या झोळीतून तो मुलांना खाऊ वाटत असे, अशी तिकडची लोककथा आहे. म्हणून ती आकृती कोरायची असेल, तर झोळी विसरू नये. झोळीवाचून ती केवळ एक जाड माणूस उरते.

शेवटच्या हाताबद्दल. काचपेपर जपून वापरावा. आयाळीच्या आणि दातांच्या कडा पटाशीने कापलेल्या आहेत तशाच तीक्ष्ण राहू द्याव्यात, कारण त्यांच्यावरच सावली धरते आणि मुख जिवंत दिसते. जाड चकचकीत वार्निश देऊ नये. उकळलेल्या जवसाच्या तेलात निम्मे टर्पेंटाइन मिसळून पातळ हात द्यावा, एका दिवसाने दुसरा, आठवड्याने तिसरा. तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल हवेत वाळताना तापते आणि अशा बोळ्याने आपोआप पेट घेतल्याचे मी पाहिले आहे. ती दोरीवर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून टाकावीत. बसवताना लोखंडी खिळे वापरू नयेत. सागवानाच्या संपर्कात ते काळे डाग पाडतात. पितळी स्क्रू घ्यावेत आणि फळीच्या मागे एका बोटाची फट राहील अशा दोन लाकडी गुट्ट्या द्याव्यात, म्हणजे भिंतीची ओल लाकडात उतरत नाही. वरचा स्क्रू आधी हलका लावावा, उंबऱ्यावर उभे राहून कीर्तिमुखाची नजर आपल्या डोळ्यांना भिडते का ते पाहावे, वरची बाजू गुट्टीने किंचित पुढे झुकवावी आणि नजर जुळली की मग सगळे स्क्रू आवळावेत.